बीअरचे गुण, बाटलीचे दोष

पुण्यात २००९ साली डूलाली सुरू झाली आणि महाराष्ट्रात मायक्रोब्रुअरी आली. त्यानंतरच्या वर्षांत बीअर पिण्याइतकंच बीअरवर बोलणंही अंगवळणी पडलं. पेल्याचा आकार, फेसाची जाडी, हॉप्सचा कडूपणा, घोट गिळल्यावर मागे राहणारी चव, या सगळ्यावर मराठी मुलंमुली मन लावून लिहितात आणि पाचपैकी साडेतीन किंवा चार असे तारे देऊन मोकळी होतात. पण आदिलाबादसारख्या ठिकाणी या ताऱ्यांचा उपयोग काय, हे कोणी विचारत नाही. तेलंगणातलं हे गाव हैदराबादपासून तीनशे किलोमीटरवर आहे, नागपूर त्याहून जवळ. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा. जैनथ, बेला या मंडलांत घरोघरी मराठी बोलतात. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत राजुरा आणि किनवट तेव्हाच्या मुंबई राज्यात, म्हणजे पुढच्या महाराष्ट्रात गेले, बाकीचा जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला, सोयरीक मात्र दोन्ही तीरांवर कायम राहिली. म्हणून पुण्यात नोकरी करणारा भाचा आणि आदिलाबादेत घर, शेती सांभाळणारे मामा ही इथली नेहमीची जोडी. पुढचं बोलणं अशाच दोघांच्या तोंडी घातलं आहे. दोघेही कल्पित आहेत. मामांना दारूचं कौतुक नाही, तिच्या समीक्षेचं तर त्याहून नाही. भाच्याला क्राफ्ट आणि परदेशी बीअरची जाण आहे आणि ती आहे याची जाणीवही जरा जास्तच आहे. माझा कल भाच्याकडे आहे हे आधीच सांगतो, पण त्याचं निम्मंच म्हणणं मला मान्य आहे.

मामा : अरे, चव ज्याची त्याची. मला कारलं आवडतं, तुझ्या मामीला नाही. यात बरोबर कोण? तुमची ती मंडळी पेला नाकाशी धरतात आणि एक म्हणतो संत्र्याच्या सालीचा वास, दुसरा म्हणतो ओल्या गवताचा. ज्याला जे आठवेल ते तो बोलणार. त्याला गुण काहून द्यायचे? इथल्या दुकानात साडेसहाशे मिलिलिटरची कडक बीअर मिळते. ती थंडगार असली की गिऱ्हाईक खूश. राहिलेलं सगळं शब्दांचं नाटक, आणि ते नाटकही तिकडच्या लोकांचं. इथे कोणाला त्याची तिकिटं नकोत.

भाचा : मामा, नाटक आहे हे अर्धं मान्य. पण आवडणं वेगळं आणि ओळखणं वेगळं. कारलं तुम्हाला आवडतं, मामींना आवडत नाही, तरी ते कडू आहे यावर तुमच्यात भांडण नाही. बीअरचे शब्दही आधी अशाच ओळखण्यासाठी जमवले गेले. १९७९ साली मॉर्टेन मेलगार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बीअरच्या चवींचं एक चक्र मांडलं. १४ वर्ग, त्यांत १२२ वेगवेगळ्या चवी आणि वास. हे काम रसिकांनी केलेलं नाही, कारखान्यातल्या रसायनतज्ज्ञांनी केलं. एका शहरातला माणूस म्हणतो बीअर बिघडली, दुसऱ्या शहरातला विचारतो म्हणजे नेमकं काय झालं, आणि दोघांना एकच शब्द हवा, एवढीच त्यांची अडचण होती. म्हणून त्या चक्रात गोड शब्दांबरोबर ओला पुठ्ठा, सडका भाजीपाला आणि गंधक यांनाही जागा आहे. हौशी लेखकांनी पुढे त्यातले सुगंध तेवढे उचलले, दुर्गंध तिथेच सोडले. तुम्हाला खटकतं ते हे.

इथे भाच्याने मुद्द्याला हात घातला आहे, म्हणून थोडं थांबतो. बीअरच्या परीक्षणात दोन कामं एकमेकांत मिसळलेली असतात. एक आनंदाचं वर्णन, दुसरं दोषाची ओळख. पहिल्या कामात मामा म्हणतात तसा माणसागणिक फरक पडतो आणि पडणारच. दुसऱ्या कामात तो बराच आटतो, कारण दोषामागे बहुतेक वेळा एखादा ठरावीक पदार्थ असतो आणि त्याचं कारणही ठरावीक असतं. लोण्यासारखा वास आला तर डायअसिटिल, म्हणजे यीस्टला काम पुरं करू दिलं नाही किंवा नळातून बीअर येत असेल तर नळी धुतलेली नाही. उकडलेल्या मक्याचा वास आला तर उकळी कमी पडली असावी. कच्च्या सफरचंदाचा वास आला तर आंबवण घाईने उरकलं. यातला एकही वास आदिलाबादच्या माणसाला परका नाही; मका आणि लोणी कळायला परदेश पाहावा लागत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की दोष ओळखणारं परीक्षण उपयोगाचं आहे, आणि जिथे बाटली लांबून, उन्हातून, उशिरा येते तिथे ते सर्वांत जास्त उपयोगाचं आहे. म्हणजे पुण्याच्या पबपेक्षा बेल्याच्या दुकानात.

मामा : बरं, मान्य. पण हे सांगणार कोण? ज्याचं नाक तो सांगणार. यार्डात कापूस नेतो तेव्हा व्यापारी मूठभर कापूस हातात घेऊन धागा ओढून पाहतो, तिथवर ठीक. पण ओलावा तो बोटांनी ठरवायला लागला की आम्ही मीटर मागतो. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, १२ पर्यंत कपात, त्यावर गेला की सरकारी कापूस महामंडळ, ते सीसीआय, घेतच नाही. मीटर आहे म्हणून भांडता तरी येतं. तुझ्या नाकाला मीटर कुठे आहे?

भाचा : नाकाला मीटर नाही, पण नाकाची परीक्षा घेता येते. तीन पेले ठेवायचे, दोन पेल्यांत एकच बीअर, तिसऱ्यात वेगळी. वेगळा पेला कोणता ते न बघता सांगायचं. ही पद्धत कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग कारखान्यात १९४०च्या दशकात बसवली गेली. नुसता अंदाज ठोकला तर तीन वेळांत एकदा बरोबर येणारच. पण नुसत्या अंदाजाने दहापैकी सात वेळा बरोबर येण्याची शक्यता शंभरात दोनच उरते. आणि आकड्यांचं म्हणाल तर आज जगभर वापरली जाणारी टी-टेस्ट ही डब्लिनच्या गिनेस कारखान्यात नोकरी करणाऱ्या विल्यम गॉसेटने १९०८ साली मांडली, ‘स्टुडंट’ या टोपणनावाने. तीसुद्धा बीअरच्या कच्च्या मालाचा थोडक्या नमुन्यांवरून अंदाज घ्यायला. राहिली नाकाची ताकद. उन्हाने बिघडलेल्या बीअरमध्ये जो गंधकी पदार्थ तयार होतो, तो एक लाख कोटी भागांत मोजके काही भाग असला तरी माणसाला कळतो. तेवढ्या बारीक प्रमाणावर तुमचं ओलाव्याचं मीटर मान टाकेल.

मामा : मग तारे कशाला? तीन पेले ठेवा आणि ज्याला ओळखता येत नाही त्याला घरी पाठवा.

मामांचा हा टोला बरोबर बसला. हौशी लेखनात बहुतेक परीक्षण लेबल समोर ठेवून होतं. किंमत माहीत असते, देश माहीत असतो, दुसऱ्यांनी किती तारे दिले तेही माहीत असतं. अशा स्थितीत दिलेला चौथा तारा कोणाचा, जिभेचा की लेबलचा, हे देणाऱ्यालाही सांगता येणार नाही. स्पर्धांतल्या परीक्षकांची शिस्त वेगळी असते. अमेरिकेत १९८५ पासून चालणाऱ्या बीअर-परीक्षक प्रमाणन कार्यक्रमाचा तक्ता पन्नास गुणांचा आहे. वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडात जाणवणाऱ्या अंगाला ५, एकूण परिणामाला १०. पेल्याचा फोटो काढून त्यावर दोन परिच्छेद लिहिणाऱ्यांनी रूपाचे ते तीन गुण जरूर लक्षात ठेवावेत. त्याच तक्त्यावर दोषांची यादी असते आणि परीक्षकाने त्यावर खूण करायची असते. गुण देण्याआधी काय बिघडलं आहे ते लिहिणं बंधनकारक ठेवलं तर निम्मी विशेषणं आपोआप गळतील.

आता मामांच्या थंडगार बाटलीकडे वळू, कारण आदिलाबादचा खरा प्रश्न तिथे आहे. थंडीने वास दबतात. बर्फगार लागर पिताना तिच्यातला चांगला वास जसा कळत नाही तसा वाईटही कळत नाही, आणि शिळ्या बीअरला हे फार सोयीचं असतं. बीअर शिळी होते ती मुख्यतः प्राणवायू आणि उष्णता यांच्यामुळे. बाटली भरताना कितीही काळजी घेतली तरी आत थोडा प्राणवायू राहतोच. मग हळूहळू नोनेनाल नावाचं एक अल्डिहाइड मोकळं होतं आणि पावसात भिजलेल्या पुठ्ठ्याची चव येते. साधारण दर दहा अंशांना हा वेग दुप्पट ते तिप्पट होतो असं धरतात. अमेरिकी बीअर उद्योगात तीन, तीस, तीनशे असा एक ठोकताळा आहे. ३२ अंशांवर तीन दिवस, २२ अंशांवर तीस दिवस, ३ अंशांवर तीनशे दिवस, या तिन्हींत बीअरचं जवळपास सारखंच नुकसान होतं. ठोकताळाच तो, त्याला कायदा समजायचं कारण नाही. पण आदिलाबादेत मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो आणि ३२ अंश हे इथे वर्षातल्या कित्येक महिन्यांचं साधं दुपारचं तापमान आहे. ट्रकच्या हौद्यात, पत्र्याच्या गोदामात, दुकानाच्या मागच्या खोलीत थप्पी लावून ठेवलेली बाटली शेवटच्या दोन तासांत फ्रिजमध्ये गेली म्हणून तिचे आधीचे दिवस पुसले जात नाहीत. त्यात काच हिरवी किंवा पारदर्शक असेल तर उजेडाचं दुखणं वेगळं. हॉप्समधला कडू घटक आणि बीअरमधलं रायबोफ्लेविन यांच्यावर निळसर प्रकाश पडला की भाचा सांगतो तो गंधकी वास तयार होतो, कडक उन्हात काही मिनिटांत. तपकिरी काच बराच बचाव करते. प्रकाश सोसणारा हॉप-अर्क वापरणारे कारखाने वगळले तर हिरव्या बाटलीतल्या बीअरचा जो ‘खास’ वास म्हणून नावाजला जातो तो बहुधा हाच दोष असतो. दोषालाच ओळख समजून त्याला तारा देण्याची पाळी येते ती अशी.

मामा : म्हणजे परदेशी बाटली घेऊच नये?

भाचा : आधी ती परदेशी आहे का ते पाहावं. दुकानात बडवायझर, हायनेकन, कार्ल्सबर्ग ही नावं दिसतात, पण त्या बाटल्या भारतातच भरलेल्या असतात. उलट बिरा ९१ हे आपलं वाटणारं नाव २०१५ मध्ये आलं तेव्हा ती बीअर बेल्जियममध्ये बनून यायची. नावावरून काहीच कळत नाही. कुठे भरली आणि कधी भरली, या दोन ओळी लेबलवर बारीक अक्षरात असतात, त्या वाचायच्या. महिनाभरापूर्वी तेलंगणातच भरलेली साधी लागर ही वर्षभर फिरून आलेल्या नामांकित जर्मन लागरपेक्षा बहुतेक वेळा चांगली लागेल. तिकडच्या समीक्षकाने म्युनिकमध्ये बसून दिलेले गुण त्या ताज्या बीअरला आहेत. आपल्या हातात त्याच नावाची, पण वेगळी वस्तू आहे.

मामा : पाय बरं, इथेच तू अडकतोस. इंग्रजांच्या काळात बीअर जहाजातून यायची, अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून. चार-सहा महिने, विषुववृत्त दोनदा ओलांडून. तेव्हा ती सडत नव्हती आणि आता हैदराबादहून तीनशे किलोमीटर आली की सडते?

मामांचा हा आक्षेप वाचून ठेवलेला दिसतो, आणि तो तगडा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बो भागातल्या हॉजसनच्या कारखान्याची फिकी बीअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून कलकत्ता, मद्रास, मुंबईला येत असे आणि इथल्या गोऱ्यांत तिची वाखाणणी होत असे. पुढे १८२०च्या दशकात बर्टनच्या ऑलसॉपने त्या व्यापारात उडी घेतली. आज क्राफ्टवाले ज्याच्यावर जीव टाकतात ते इंडिया पेल एल याच परंपरेतलं नाव. मग प्रवासाने बीअर बिघडते या म्हणण्याचं काय? उत्तर त्या बीअरच्या अंगात आहे. तिच्यात हॉप्स भरपूर असत आणि हॉप्स काही जिवाणूंना रोखतात. ती लाकडी पिंपात असे, गाळून निर्जंतुक केलेली नसे, यीस्ट जिवंत राहून आत शिरलेला प्राणवायू काही प्रमाणात खात राही. तिच्याकडून पिणाऱ्याची अपेक्षाही मुरलेल्या चवीची होती. काही बेल्जियन बीअर आजही बाटलीत मुरतात. ओर्व्हालच्या ट्रॅपिस्ट मठातली बीअर सहा महिन्यांनी वेगळी लागते आणि तशीच मागणारे लोक आहेत. म्हणजे नियम असा सरसकट मांडता येत नाही की जुनी ती वाईट. कोणती बीअर प्रवासासाठी घडवली आहे आणि कोणती नाही, हा फरक आहे. गाळलेली, पाश्चराइज केलेली, हलक्या हॉप्सची लागर ही ताजी पिण्यासाठीच घडवलेली असते. नेमक्या त्याच बीअरला आपण सर्वांत जास्त ऊन दाखवतो. मामांनी इतिहास बरोबर सांगितला, बाटली चुकीची निवडली.

आणखी एक गोष्ट चवीच्या चर्चेत कधीच येत नाही, ती म्हणजे फळीवर काय ठेवायचं हे कोण ठरवतं. तेलंगणात घाऊक विक्री एकाच सरकारी महामंडळामार्फत होते; दुकानदार त्याच्याकडून माल उचलतो. जानेवारी २०२५ मध्ये युनायटेड ब्रुअरीजने दर वाढवून मिळत नाहीत आणि थकबाकी साचली आहे असं सांगून महामंडळाला पुरवठा थांबवला. त्याच महिन्यात तो पुन्हा सुरू झाला, फेब्रुवारीत सरकारने बीअरचे दर १५ टक्क्यांनी वाढवले. मायक्रोब्रुअरीला राज्याने २०१५ मध्ये वाट करून दिली, पण त्या बराच काळ हैदराबाद परिसरातच राहिल्या. ताजी क्राफ्ट बीअर प्यायला आदिलाबादच्या माणसाने तीनशे किलोमीटर जावं, किंवा नागपूरहून बाटली आणावी, आणि आणली तर परवान्याशिवाय राज्याची हद्द ओलांडल्याबद्दल अबकारी खात्याचा गुन्हा अंगावर घ्यावा. अशा ठिकाणी गिऱ्हाईक चवीने निवडतं असं म्हणणं धाडसाचं आहे. समोर दोन-तीन नावं असतात, त्यातली एक संपलेली असते. भाच्याच्या तारांकित यादीतलं इथे काहीही मिळत नाही, म्हणून यादी निरुपयोगी, हे मामांचं म्हणणं इथपर्यंत खरं आहे. पण दोष ओळखणारा डोळा आणि नाक या दोन-तीन नावांवरही चालतं. तारीख वाचून बाटली परत करणारी दहा गिऱ्हाइकं एका दुकानात झाली तर दुकानदार जुना माल पुढे सरकवण्याआधी विचार करील.

मामा : हे सगळं ऐकून घेतलं. आता माझं ऐक. दारूने घरं बसतात. आपण आंध्रात होतो तेव्हा नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंट्याच्या बायकांनी १९९२ मध्ये अर्रॅक या देशी दारूविरुद्ध जे उभं केलं ते सगळ्या राज्यात पसरलं. १ ऑक्टोबर १९९३ला अर्रॅक बंद झाली, जानेवारी १९९५ मध्ये संपूर्ण दारूबंदी. नदीपलीकडे चंद्रपुरात २०१५ला बंदी आली, तीसुद्धा बायकांच्या मोर्चांनी. हे दारूवर बोलणं नव्हतं, दारूविरुद्ध बोलणं होतं. त्यांच्यासमोर तू पन्नास गुणांचा तक्ता धरणार का?

भाचा : धरणार नाही. पण त्या दोन्ही बंद्या उठल्या हेही तुम्हीच सांगायला हवं. आंध्रातली १९९७ मध्ये, चंद्रपूरची २०२१ मध्ये. बंदीच्या काळात दारू जात नाही, तिच्यावरचं लेबल जातं. आणि मामा, चाखणारा माणूस कमी पितो. चार घोटांत ज्याचं काम होतं तो बाटल्या रिचवत नाही.

भाच्याचं शेवटचं वाक्य मला मान्य नाही. चाखणारा कमी पितो याला त्याच्याकडे पुरावा काही नाही. उलट चार-चार घोट करत संध्याकाळभरात दहा प्रकार संपवणारेही याच हौसेतून तयार होतात, आणि क्राफ्ट म्हणून जी विकली जाते तिच्यात मद्यार्क अनेकदा साध्या लागरपेक्षा जास्त असतो. दुबगुंट्याच्या बायकांच्या प्रश्नाला चवीच्या तक्त्यात उत्तर नाही. ते शोधायला जाऊ नये. त्याहून मोठी मर्यादा दुसरी आहे आणि ती सांगितल्याशिवाय माझा मुद्दा पुरा होत नाही. नाकाला शिळेपणा कळतो, विष कळत नाही. मिथेनॉलचा वास आणि चव साध्या मद्यार्कातून वेगळी काढता येत नाही. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं गेली; त्यांच्यापैकी कोणाची जीभ कितीही तयार असती तरी फरक पडला नसता. तेलंगणातल्या भेसळीच्या ताडीत अल्प्राझोलामसारखी गुंगीची औषधं सापडतात. तीही अशीच, चवीला हुलकावणी देणारी. तिथे प्रयोगशाळा हवी आणि छापा हवा. म्हणजे दोष ओळखणाऱ्या परीक्षणाचं क्षेत्र कायदेशीर, लेबल असलेल्या, तपासलेल्या बाटलीपुरतं आहे. त्याच्या बाहेर भाच्याने शहाणपण सांगायला जाणं धोक्याचं.

मामा : मग एवढं सांग. या जिल्ह्याची स्वतःची जी दारू आहे ती तुझ्या तक्त्यात कुठे बसते? मोह. उटनूरकडे, इंद्रवेल्लीकडे गोंडांच्या आणि कोलामांच्या गुड्यात जा. मार्च-एप्रिलला पहाटे फुलं गळतात, बायापोरं टोपल्या घेऊन झाडाखाली. फुलं वाळवायची, भिजत घालायची, आंबली की भट्टीवर चढवायची. पेनाला, म्हणजे देवाला, धार तिचीच. बेल्जियमच्या मठाची तुला माहिती आहे, मोहाची आहे का?

भाचा : मोहाच्या दारूचे दोषही तिथले लोकच नेमके सांगतात. आच जास्त झाली की करपट, धूर आत गेला की धुरकट, शेवटचं पाणचट उतरू दिलं की आंबूस, आणि आंबवण्याची घाई करून नवसागर टाकला की घशाला लागणारी. ही यादी मेलगार्डच्या यादीइतकीच पक्की आहे, फक्त कोणी लिहून काढलेली नाही. लिहिलं का नाही, तर १८९२ मध्ये मुंबई इलाख्याने मोहाचा कायदा करून ठाणे-कुलाब्याकडे फुलं गोळा करण्यावरच निर्बंध आणले. फूलच संशयित ठरलं तिथे दारूचं परीक्षण कोण करणार? आता वारं बदलतंय. गोव्यात काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. डहाणूच्या डिस्टिलरीतून मोहाची दारू बाटलीत येते. मध्य प्रदेशात अलीराजपूरची मोंड आणि दिंडोरीची मोहुलो आदिवासी बचतगटांच्या नावाने विकली जाते. महाराष्ट्राने तर २०२२ मध्ये मोहाच्या आणि काजूच्या दारूला देशीच्या वर्गातून काढून विदेशी मद्याच्या वर्गात घातलं.

मामा : म्हणजे आमच्या जंगलातलं फूल कागदावर विलायती झालं. बरं झालं बापा, आता तू त्याला तारे देशील.

मामांची ही चेष्टा मला भाच्याच्या अख्ख्या यादीपेक्षा जास्त कळीची वाटते. परीक्षण कशाचं होतं हे चवीआधी परवाना ठरवतो. बाटली, लेबल, कर आणि वर्ग मिळाला की वस्तू समीक्षेला पात्र होते. तोवर ती गुन्ह्याच्या नोंदीत असते. फुलं गोळा करण्यापासून उतरवण्यापर्यंत सगळं जाणणारी गोंड बाई आपल्या दारूचे दोष मोकळेपणाने बोलू शकत नाही, कारण भट्टीचा उल्लेखच तिला महागात पडू शकतो, आणि ज्याला ते मोकळेपणाने बोलता येतं तो पुण्यात बसून बाटली उघडतो. भाचा म्हणतो त्याप्रमाणे मोहाच्या दोषांची यादी करायची तर ती करणाऱ्या मंडळात भट्टीवर बसलेले हात हवेत, आणि त्यांना तिथे येताना भीती नसावी. मध्य प्रदेशाने दारू काढण्याचा हक्क बचतगटांकडे ठेवला, एवढ्यापुरतं तरी त्यांनी बरोबर टोकाकडून सुरुवात केली आहे. डहाणूचा रस्ता वेगळा आहे. तिथे डिस्टिलरी, भांडवल आणि महाग बाटली आधी आली. दोन्ही रस्त्यांनी आलेल्या बाटल्या एका टेबलावर, लेबल झाकून, त्या तीन पेल्यांच्या पद्धतीने ठेवल्या तर काय निघेल हे पाहण्यासारखं आहे. मामांचं म्हणणं असं की त्या टेबलाशी बसणारा पहिला परीक्षक उटनूरचा हवा आणि भाच्याने पेले धुवावेत. भाच्याने यावर अजून उत्तर दिलेलं नाही.